ड्रॉपबॉक्सचे दोन जीबी: फुकटाची हद्द कुठे आखली आणि ती कुठे टोचली

ड्रॉपबॉक्स ही फाइली इंटरनेटवर साठवून तुमच्या सगळ्या संगणकांवर सारख्या ठेवणारी सेवा. मार्च २०१८मध्ये तिचे शेअर नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आले. त्यासाठी कंपनीने दाखल केलेल्या कागदांत दोन आकडे होते: नोंदणी केलेले वापरकर्ते ५० कोटी, पैसे भरणारे १ कोटी १० लाख. म्हणजे शंभरातले जेमतेम दोन जण पैसे देतात आणि बाकीचे फुकट वापरतात. तरीही २०१७ची कमाई १.१ अब्ज डॉलर होती, पैसे भरणाऱ्या दर माणसामागे वर्षाला सुमारे ११२ डॉलर. त्यातली ९० टक्क्यांहून जास्त कमाई अशा लोकांकडून आली, ज्यांनी ॲपमधून किंवा वेबसाइटवरून स्वतःच प्लॅन घेतला. कुणी विक्रेता त्यांच्याशी बोलला नाही, की कुणी फोन केला नाही. विकण्याचं काम ॲपच्या आणि वेबसाइटच्या पडद्यांनी केलं.

म्हणूनच फुकट आणि पेड अशी दोन दारं असलेलं क्लाउड सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईने पाहावं. फुकट प्लॅन आखायला बसलं की चर्चा सहसा एकाच गोष्टीभोवती फिरते: कुठली सोय द्यायची आणि कुठली रोखून धरायची. खरे प्रश्न तीन आहेत. हद्द कशात मोजायची? ती जवळ येतेय हे माणसाला कसं कळणार? आणि ती ओलांडली गेली त्या दिवशी त्याच्या सामानाचं काय होणार? ड्रॉपबॉक्सने पहिल्याचं उत्तर अतिशय चांगलं दिलं, दुसऱ्याचं बरं दिलं. तिसऱ्याची किंमत मात्र वापरणाऱ्यांनी बरीच वर्षं मोजली.

जाहिरातीतून गिऱ्हाईक का मिळेना

ड्र्यू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी या एमआयटी विद्यापीठातल्या दोघांनी २००७मध्ये कंपनी काढली. ह्यूस्टन बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसला आणि पेन ड्राइव्ह घरीच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं, तिथून कल्पना सुचली हे त्याने अनेकदा सांगितलंय. मार्च २००८मध्ये डिग या साइटवर डेमोचा एक छोटा व्हिडिओ टाकला आणि बीटासाठी, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीसाठी, थांबलेल्यांची यादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. सप्टेंबर २००८मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली.

मग रीतीप्रमाणे गूगलवर जाहिराती सुरू झाल्या. एक पैसे भरणारा ग्राहक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर खर्च येऊ लागला आणि विकायची वस्तू होती वर्षाला ९९ डॉलरची. खर्च निघावा म्हणून जाहिरातीतून येणाऱ्यांना दिसणाऱ्या पानावर फुकट खात्याचा पर्याय लपवूनही पाहिला. ह्यूस्टनने एप्रिल २०१०मधल्या एका भाषणात हे आकडे स्वतःहून मांडले.

हा प्रयोग का फसला ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आजही तीच चूक होते. 'फोल्डर आपोआप सगळ्या संगणकांवर सारखा ठेवणारी सेवा' असं काही असतं हेच लोकांना माहीत नव्हतं, त्यामुळे ते शोधणारं कुणी नव्हतं. जे शोधत होते ते बॅकअप किंवा मोठी फाइल पाठवायचं साधन शोधत होते. असा माणूस पानावर येतो, त्याला वस्तू पुरती कळलेली नसते, आणि समोर थेट किंमत दिसते. हाताळून पाहिल्याशिवाय जी वस्तू कळत नाही, तिच्या दारात पहिल्याच पायरीवर पैशाची पेटी ठेवून चालत नाही. पर्याय लपवल्याने पेड गिऱ्हाईक वाढलं नाही, फक्त चाखून बघणारे कमी झाले.

जागा हे माप का चाललं

फुकट खात्याला दोन जीबी. २००८मध्ये खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये साधारण तेवढीच जागा असायची, त्यामुळे आकडा सगळ्यांच्या अंदाजातला होता. त्या काळच्या कॅमेऱ्याचा फोटो दोन एमबीचा धरला तर हजारभर फोटो मावत. ऑफिसच्या फाइलींसाठी तर ही जागा वर्षानुवर्षं पुरे.

महत्त्वाचं हे की या दोन जीबीच्या आत काहीच कापलेलं नव्हतं. सिंक, म्हणजे फाइली सगळीकडे आपोआप सारख्या ठेवणं, पेडवाल्याइतकंच, शेअर केलेले फोल्डर तेच, फोनवरचं ॲप तेच. फुकट वापरणाऱ्याला वस्तूची पूर्ण चव मिळायची, फक्त वाटी लहान होती. तीस दिवसांच्या चाचणीत माणूस घड्याळाकडे बघत वापरतो, खरं काम त्यात टाकायला कचरतो आणि एकतिसाव्या दिवशी निघून जातो. जागेच्या मापात उलट होतं. जितका विश्वास बसेल तितकं सामान जास्त, आणि सामान जास्त तितका सोडून जाणं अवघड. हद्द येते ती नेमकी अशा माणसाला, ज्याला वस्तूची गरज आता पटलेली आहे.

शिवाय हे माप वापरणाऱ्याच्या ताब्यात असतं. स्लॅक या टीमसाठीच्या संदेशांच्या ॲपशी तुलना केली की हा फरक ठळक दिसतो. तिथे फुकट टीमला शेवटचे १० हजार संदेश दिसायचे. तो आकडा सगळ्या टीमच्या बोलण्याने भरायचा. एकट्याने कितीही जपून वापरलं तरी बाकीचे बोलके असले की जुनं संभाषण आड जाणार, आणि कधी जाणार हे कुणालाच सांगता येत नसे. १ सप्टेंबर २०२२पासून स्लॅकने ते माप बदलून ९० दिवस केलं. शांत टीमचं त्यात नुकसान झालं, पण 'तीन महिन्यांपूर्वीचं दिसणार नाही' हे वाक्य कुणालाही एका दमात कळतं. तुमच्या उत्पादनाचं माप निवडताना हीच कसोटी लावा: वापरणाऱ्याला 'माझं किती उरलंय' हे न विचारता सांगता यायला हवं, आणि ते कमी करणं त्याच्या हातात हवं.

कंपनीच्या बाजूनेही जागेचं माप परवडणारं होतं. ड्रॉपबॉक्स फाइलीचे चार-चार एमबीचे तुकडे करायचं आणि तोच तुकडा आधीपासून साठ्यात असला तर परत चढवायचं नाही. त्या काळी ही तपासणी वेगवेगळ्या वापरकर्त्यांच्या फाइलींमध्येही होत असे. एकच गाणं किंवा एकच पीडीएफ हजार खात्यांत असली तरी प्रत्यक्ष साठा एकदाच. म्हणजे माणसाला दिसणारी जागा आणि कंपनीला पडणारा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पुढे ॲमेझॉनच्या भाड्याच्या साठ्यावरून बहुतेक डेटा स्वतःच्या यंत्रणेवर हलवल्यावर खर्च आणखी उतरला. फुकट प्लॅन आखताना हा हिशोब आधी व्हायला हवा. ज्या फुकट वापराचा दर तासाला खरा खर्च होतो, उदाहरणार्थ व्हिडिओवरची प्रक्रिया किंवा एआयची उत्तरं, तिथे ड्रॉपबॉक्सची नक्कल करू नये.

सात पायऱ्या, अडीचशे एमबी

नवीन खातं उघडलं की सात कामांची यादी दिसायची: ओळख करून देणारी छोटी सहल पाहा, संगणकावर ड्रॉपबॉक्स बसवा, फोल्डरमध्ये फाइली टाका, तुमच्या दुसऱ्या संगणकांवरही बसवा, मित्राबरोबर किंवा सहकाऱ्याबरोबर फोल्डर शेअर करा, ओळखीच्यांना बोलवा, फोनवर ॲप घ्या. सातपैकी पाच कामं केली की २५० एमबी जास्तीची जागा.

यादी साधी दिसते, पण क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. पहिल्या तीन कामांत माणूस एकटा असतो आणि जादू अजून दिसलेली नसते. एका संगणकावरचा ड्रॉपबॉक्स म्हणजे नुसता एक फोल्डर. दुसऱ्या संगणकावर बसवल्यावर तीच फाइल तिथे आपोआप उगवते, तेव्हा वस्तू कळते. म्हणून चौथी पायरी ही खरी परीक्षा. आणि पाचवी, सहावी म्हणजे दुसरा माणूस आत येणं. तो आल्यावर खातं सोडायचं तर फक्त स्वतःच्या फाइली हलवून भागत नाही.

पाचच का, सातही का नाही? कुणाकडे दुसरा संगणक नसतो, कुणाला कुणाला बोलवायला आवडत नाही. दोन पायऱ्या माफ ठेवल्या की अशा माणसाचं बक्षीस बुडत नाही, तरीही उरलेल्या पाचांत किमान एक गुंतवणारी पायरी येतेच. आपल्याकडच्या अनेक ॲपांमध्ये अशी यादी 'प्रोफाइल फोटो लावा, जन्मतारीख भरा' अशा कामांनी भरलेली असते. त्यातून कंपनीला माहिती मिळते, वापरणाऱ्याला काही मिळत नाही. यादीतल्या प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारावा: हे झाल्यावर माणसाला वस्तूचा उपयोग आधीपेक्षा जास्त होईल का?

आमंत्रण: दोघांनाही जागा

एक मित्र आणला की दोघांनाही २५० एमबी. २०१२मध्ये ते ५०० एमबी केलं आणि फुकट खात्याला अशा मार्गाने मिळणारी कमाल जागा ८ जीबीवरून १६ जीबीवर गेली. कल्पनेचं मूळ पेपाल या पैसे पाठवायच्या सेवेत होतं, पण पेपाल रोख रक्कम देत असे. इथे बक्षीस म्हणून वस्तूच दिली. रोख पैशासाठी कुणीही येतो, ड्रॉपबॉक्सच्या जागेसाठी ज्याला ड्रॉपबॉक्स वापरायचाय तोच येतो. आणि ज्याला ती जागा हवी आहे तो पुढे पेड होण्याची शक्यताही सर्वात जास्त.

परिणाम ह्यूस्टनने त्याच भाषणात सांगितले. या योजनेमुळे नोंदणी ६० टक्क्यांनी वाढली आणि ती वाढ टिकली. रोजच्या नोंदणीपैकी ३५ टक्के आमंत्रणातून, आणखी २० टक्के शेअर केलेल्या फोल्डरांसारख्या सोयींतून. एप्रिल २०१०च्या आसपास तीस दिवसांत २८ लाख आमंत्रणं गेली. सप्टेंबर २००८मध्ये १ लाख असलेली वापरकर्त्यांची संख्या जानेवारी २०१०मध्ये ४० लाख झाली.

नक्कल करणाऱ्यांचं लक्ष 'दोघांना बक्षीस' या भागावर जातं आणि खरी बारकाई सुटते. बक्षीस कधी जमा व्हायचं? नुसत्या नोंदणीवर नाही. नव्या माणसाने ईमेल पडताळून संगणकावर ड्रॉपबॉक्स बसवला की मग. म्हणजे बक्षिसाचा क्षण आणि वस्तू कळण्याचा क्षण जवळजवळ आणून ठेवला. दुसरी बारकाई, बोलावणाऱ्याला यादी दिसायची: कुणाला आमंत्रण गेलं, कोण आलं, कुणाचं बसवायचं राहिलंय. 'बसवायचं राहिलंय' दिसलं की माणूस मित्राला स्वतः फोन करून आठवण देतो, आणि तो फोन कंपनीच्या दहा ईमेलांपेक्षा जास्त काम करतो.

पळवाटा निघाल्याच. लोक आपल्याच संगणकात सॉफ्टवेअरने आभासी संगणक उभारून स्वतःलाच बोलवू लागले, काहींनी तर आपल्या आमंत्रणाच्या दुव्याच्या गूगल जाहिराती दिल्या. म्हणून आधीच जोडलेल्या संगणकावर नवं खातं बसवलं तर बक्षीस मिळत नसे, आणि वर १६ जीबीची कमाल होतीच. कमाल ठेवली नाही तर मूठभर चलाख लोक सगळा खर्च खाऊन जातात.

२०१२चं फोनवरचं कॅमेरा अपलोडही याच धाटणीचं होतं. फोटो आपोआप चढवणं चालू केलं की ५०० एमबीच्या हप्त्यांनी तीन जीबीपर्यंत जागा वाढायची. ती जागा फोटोंनीच भरायची, पण तोवर फोटोंचं घर बदललेलं असायचं.

मुदतीची जागा

इथवरची सगळी बक्षिसं कायमची होती. मग वेगळ्या प्रकारची आली. सॅमसंगच्या काही फोनांबरोबर ४८ जीबी जादा, दोन वर्षांसाठी. २०१२मध्ये विद्यापीठांमध्ये स्पेस रेस नावाची चढाओढ झाली, तिथे २५ जीबीपर्यंत, तीही दोन वर्षांसाठी.

दोन वर्षं हा फार वाईट कालावधी आहे. दोन आठवडे असते तर माणसाने सामान हलवायची तयारी डोक्यात ठेवली असती. दोन वर्षांत तो विसरतो, फोटो भरत जातात, आणि एका सकाळी ३० जीबी सामान असलेल्या खात्याची हद्द चार जीबी होते. फाइली पुसल्या जात नाहीत, उतरवूनही घेता येतात, पण सिंक थांबतं. माणसाने काहीच चूक केलेली नसते, काही नवं टाकलेलंही नसतं. त्याला वाटतं, आपली वस्तू अडवून पैसे मागताहेत. पेड होण्याआधी विश्वास लागतो आणि इथे तोच तुटतो.

मुदतीची जागा द्यायचीच असेल तर ती वेगळ्या रंगाने, तारखेसह, कायमच्या जागेपासून अलग दाखवावी: 'तुमची २ जीबी कायमची, ४८ जीबी १५ जूनपर्यंत'. आणि मुदत संपण्याआधी नव्वद, तीस आणि सात दिवसांवर सांगावं. सांगताना सर्वात जास्त जागा खाणाऱ्या दहा फोल्डरांची यादी आणि सगळं उतरवून घ्यायचं बटण त्याच पडद्यावर असावं.

खातं भरतं तो दिवस

आता मुख्य गोष्ट. समजा, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता एकाने ऑफिसच्या संगणकावर अहवाल पूर्ण केला, ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये सेव्ह केला आणि घरी गेला. फाइल सेव्ह झाली, फोल्डरमध्ये दिसते, उघडते. खातं मात्र दुपारीच भरलेलं. एरवी फाइलीच्या चित्रावर हिरव्या वर्तुळात बरोबरची खूण येते, ती आज आली नाही. रोज दिसणारी खूण आज नाही हे घाईत कुणाच्या ध्यानात येणार? घरी लॅपटॉप उघडतो तर जुनाच अहवाल. सोमवारी सकाळी मीटिंग.

अडचणीचं मूळ वस्तूच्या मोठेपणातच आहे. ड्रॉपबॉक्स साध्या फोल्डरसारखा वागतो म्हणून लोकांना आवडला, आणि साधा फोल्डर 'भरलोय' असं कधी म्हणत नाही. वेबसाइटवर फाइल चढवताना नकार समोर दिसतो. इथे संगणक फाइल आनंदाने घेतो आणि नकार पाठीमागे, कोपऱ्यातल्या चिन्हात होतो. सिंक ही दिसत नसलेली क्रिया आहे, त्यामुळे ती थांबल्याचंही दिसत नाही.

'तुमचा ड्रॉपबॉक्स भरला आहे, अपग्रेड करा' या धर्तीच्या संदेशात किती भरला ते कळतं, धोक्यात काय आहे ते कळत नाही. त्या जागी असं लिहून पाहा:

'जागा संपली आहे. आज दुपारी २.१० नंतर ठेवलेल्या १४ फाइली फक्त या संगणकावर आहेत. दुसरीकडे दिसणार नाहीत.'

खाली तीन बटणं: 'त्या १४ फाइली दाखवा', 'जागा मोकळी करा', 'जागा वाढवा'. तिसरं पहिल्या दोनांहून मोठं करण्याचा मोह आवरावा. घाबरलेल्या माणसाला आधी फाइली सुरक्षित आहेत का ते बघायचं असतं. ते पाहू दिलं तर तो विकत घेण्याबद्दल शांतपणे विचार करतो. आणि हा संदेश फुगा होऊन पाच सेकंदांत विरघळता कामा नये, सिंक पुन्हा सुरू होईपर्यंत टिकला पाहिजे.

आता तो 'जागा मोकळी करा' वर गेला असं धरू. इथे तीन खड्डे आहेत.

पहिला, शेअर केलेले फोल्डर. ड्रॉपबॉक्समध्ये शेअर केलेला फोल्डर प्रत्येक सदस्याच्या कोट्यातून मोजला जातो. पाच जीबीचा फोल्डर चौघांत असेल तर चौघांचेही पाच जीबी जातात. फुकट खात्याच्या माणसाला पेडवाल्या मित्राने मोठ्या फोल्डरचं आमंत्रण दिलं तर जागेअभावी ते स्वीकारताच येत नाही. पेड ग्राहकाला जी सोय सर्वांना दाखवायची असते, तीच फुकट मित्राच्या दारात अडते. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल फक्त मालकाच्या जागेत मोजतात, त्यामुळे ही अडचण येत नाही. आमच्या मते हा ड्रॉपबॉक्सच्या रचनेतला सर्वात महागडा निर्णय होता. नवीन माणसं आणणारी जी दोन दारं होती, त्यांपैकी एकावर त्यांनी स्वतःच उंबरठा चढवला.

दुसरा, पुसणं. जागा करायला माणूस शेअर फोल्डरमधल्या फाइली पुसतो आणि संपादनाचा हक्क असेल तर त्या सगळ्यांकडून जातात. त्याला वाटलेलं असतं, आपण आपली प्रत काढली. फुकट खात्यात तीस दिवसांत परत आणता येतात, पण ते ज्याला माहीत आहे त्यालाच. इथे पडद्याने 'पुसा' आणि 'या फोल्डरमधून बाहेर पडा' हे दोन वेगळे पर्याय शेजारी ठेवायला हवेत, आणि पहिल्यावर सदस्यांची संख्या लिहायला हवी: 'ही फाइल आणखी तिघांकडूनही जाईल.'

तिसरा, निवडक सिंक. एखादा फोल्डर या संगणकावर नको असं सांगायची सोय २०१०च्या डिसेंबरमधल्या पहिल्या पक्क्या आवृत्तीत आली. त्याने संगणकाची डिस्क मोकळी होते, खात्याचा कोटा होत नाही. नावावरून हा फरक कळत नाही, म्हणून दोन वेगळ्या पट्ट्या दाखवाव्यात: 'या संगणकावर' आणि 'तुमच्या खात्यात'. निवड बदलली की कुठली पट्टी हलते ते तिथल्या तिथे दिसलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माप बदललं: तीन उपकरणं

दोन जीबी २००८पासून बदलले नाहीत, फोटो बदलले. आजच्या आयफोनवर फोर-केचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण १७० एमबी घेतो. दोन जीबीत असे जेमतेम बारा मावतात. दुसऱ्या टोकाला, फक्त कागदपत्रं ठेवणारा माणूस दोन जीबी कधीच भरत नाही. त्याच्यापुरती हद्दच नव्हती.

मार्च २०१९मध्ये ड्रॉपबॉक्सने फुकट खात्याला दुसरं माप लावलं: जास्तीत जास्त तीन उपकरणं. आधीपासून चार-पाच उपकरणं जोडलेली होती त्यांची ती तशीच राहू दिली, फक्त नवीन जोडायला मनाई. जुन्या वापरकर्त्याच्या हातातलं काढून न घेता नियम पुढे लागू करायची ही पद्धत योग्यच.

पण ही हद्द टोचते कधी ते पाहा. ऑफिसचा संगणक, घरचा लॅपटॉप, फोन: तीन झाली. आता नवा फोन घेतला. जागेची हद्द विश्वास वाढत असताना हळूहळू येते, उपकरणांची हद्द माणूस नव्या फोनवर ॲप टाकून कौतुकाने लॉगिन करतो त्याच मिनिटाला समोर येते. जुना फोन बहुधा विकलेला, बदली दिलेला किंवा हरवलेला, म्हणजे तिथून लॉगआउट करणं शक्य नाही. म्हणून या पडद्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी तिथेच हवी, प्रत्येकापुढे शेवटचा वापर कधी झाला ते आणि 'काढा' बटण. सेटिंगमध्ये जाऊन शोधायला लावलं तर माणूस पैसे भरत नाही, दुसरं ॲप उघडतो.

मोठं सत्य असं की सिंक हाच ज्या वस्तूचा प्राण, तिथे उपकरणांवर हद्द घालणं म्हणजे चवीवरच हद्द घालणं. सात पायऱ्यांतली चौथी पायरी 'दुसऱ्या संगणकांवरही बसवा' होती, हे आठवलं की बदल किती मोठा होता ते कळतं.

फुकट सोय पूर्ण बंद केल्याचंही एक उदाहरण इथे आहे. पब्लिक फोल्डरमध्ये फाइल टाकली की तिचा थेट दुवा मिळे आणि लोक तो चर्चास्थळांवर, छोट्या साइटींवर चित्रांसाठी वापरत. १५ मार्च २०१७ला फुकट खात्यांचे, १ सप्टेंबरला पेड खात्यांचेही असे दुवे बंद झाले. त्या दिवशी तुटलेली चित्रं ज्यांना दिसली, त्यांतल्या बहुतेकांचं ड्रॉपबॉक्सवर खातंही नसेल. खात्याच्या बाहेर पसरलेल्या सोयी मागे घेताना सूचना कुणाला द्यायची हेच माहीत नसतं.

शिडीची हरवलेली पायरी

सुरुवातीला महिना ९.९९ डॉलरला ५० जीबी. जुलै २०१२मध्ये त्याच किमतीत १०० जीबी. मार्च २०१४मध्ये गूगलने एक टीबी, म्हणजे हजार जीबी, ९.९९ डॉलरला दिल्यावर ऑगस्टमध्ये ड्रॉपबॉक्सनेही तेच केलं. २०१९मध्ये दोन टीबी, महिना ११.९९ डॉलर.

म्हणजे वैयक्तिक वापराच्या शिडीवर एक पायरी दोन जीबीची आणि पुढची हजारपट. ज्याला वीस जीबी हवेत त्याने काय करावं? कंपनीची अडचण समजण्यासारखी आहे: छोटी पायरी ठेवली तर मोठी घेणारेही तिथेच थांबतात, आणि लहान रकमेत कार्डाचा खर्च जास्त जातो. पण किंमत-पडद्यावर 'तुम्ही २.१ जीबी वापरताय' आणि खाली '२००० जीबी घ्या' असं दिसलं की माणसाला ही वस्तू आपल्यासाठी नाही असंच वाटणार. गूगलने भारतात १०० जीबी महिना १३० रुपयांना ठेवले, तेव्हा इथल्या बहुतेकांचा निर्णय तिथेच झाला.

गूगलची हद्दही निर्दोष नाही. १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. लग्नाचे व्हिडिओ चढवले म्हणून बँकेचा ईमेल परत जातो. एका खोलीचं भाडं थकलं म्हणून सगळ्या घराचं पाणी बंद, असा हा प्रकार.

भारतात पैसे घेताना

इथे पेड प्लॅनचा पडदा बनवताना दोन गोष्टी आधीच रचनेत धराव्या लागतात. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी ओटीपीसारख्या पडताळणीने नोंदणी लागते आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना जाते. पडताळणीशिवाय वसूल होणाऱ्या रकमेची कमाल आधी ५ हजार होती, जून २०२२मध्ये ती १५ हजार झाली. त्यामुळे मूळ परदेशी रचना जशीच्या तशी आणली की नूतनीकरण फसतं आणि ग्राहकाची काहीच चूक नसताना त्याचं खातं फुकटात घसरतं. वसुली फसली की लगेच सिंक थांबवू नये. चौदा दिवस सगळं चालू ठेवावं, पहिल्या, सातव्या आणि बाराव्या दिवशी कळवावं, आणि प्रत्येक संदेशात यूपीआयने भरायची वाट द्यावी.

दुसरी, ३० नोव्हेंबर २०२३ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं. त्यांत फसव्या रचनांचे १३ प्रकार दिले आहेत: सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकवणं, सतत तगादा लावणं, 'नको' म्हणणाऱ्याला शरमिंदं करणं, आणि सॉफ्टवेअर सेवेची नकळत चालू राहणारी वसुलीसुद्धा. 'नको, मला माझ्या फाइलींची पर्वा नाही' असं लिहिलेलं बटण आता फक्त वाईट रचनेत मोडत नाही, ते या यादीत बसतं.

बाजारात आणण्याआधी एक चाचणी दोघांनी बसून करावी, एका दुपारचं काम आहे. नवं फुकट खातं, एक संगणक, दोन फोन. दहा एमबीच्या १९० फाइली टाकून खातं जवळजवळ भरा. मग पन्नास एमबीच्या पाच फाइली एकदम टाका आणि एक कोरं पान घेऊन लिहा: कुठली फाइल चढली, कुठली राहिली, आणि हे पडद्यावर कुठे दिसलं. वाय-फाय बंद करून अर्ध्या तासाने चालू करा, संदेश टिकतो का पाहा. शेअर फोल्डरमधली एक फाइल पुसून दुसऱ्या माणसाच्या फोनवर काय दिसतं ते बघा. पेड प्लॅन घ्या, पाच जीबी भरा, प्लॅन रद्द करा, आणि किती टिचक्यांत (क्लिकमध्ये) रद्द झाला ते घेतानाच्या टिचक्यांशेजारी लिहा. शेवटी संगणकाची भाषा मराठी करून सगळं पुन्हा पाहा. बटणांच्या ठरलेल्या उंचीत वेलांट्या आणि उकार कापले जातात, आणि 'जागा संपली' मधला 'संपली' पुढच्या ओळीत ढकलला जाऊन अरुंद फुग्यात दिसेनासा होतो.